जिंकणाऱ्याने स्वयंपाक करायचा नाही

पाच वर्षं मी कुणालाही जिंकू दिलं नाही, आणि याची मला आजही तिळभर लाज वाटत नाही. लोक म्हणतात, मित्रामित्रांत हार-जीत कसली! असं म्हणणारे लोक नेहमी हरलेले असतात, हे मी बघून ठेवलंय.

खेळ कुठला, तर बेसबॉल. हसू नका. कुवेतमध्ये राहणारी आम्ही सहा मराठी माणसं, त्यातल्या एकानेही बेसबॉलची बॅट कधी हातात धरलेली नाही, आणि दर वर्षी मार्च उजाडला की आम्ही अमेरिकेतल्या खेळाडूंचे आपापले संघ फोनवर मांडून बसतो. खेळाडू तिकडे खरे सामने खेळतात. त्यांनी मैदानावर जे काही दिवे लावले, त्याचे गुण इकडे आमच्या संघांना मिळतात. दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी लढत आणि सप्टेंबरच्या शेवटी वरच्या दोघांत अंतिम सामना. याला फँटसी लीग म्हणतात. माझा नवरा याला रिकामटेकडेपणा म्हणतो. त्याचाही संघ आहे आणि तो बहुतेक वेळा तळाला असतो, म्हणून म्हणतो.

बेसबॉलच का, याचंही कारण आहे. आधी आम्ही क्रिकेटची लीग खेळायचो. पण क्रिकेट म्हटलं की प्रत्येकाच्या अंगात येतं. आमच्यातले एक डॉक्टर आहेत, पुण्याचे, फिंतासला दातांच्या दवाखान्यात काम करतात. दुसरा माझ्याच हॉस्पिटलमधला एक्स-रे टेक्निशियन, लातूरचा. या दोघांची एका खेळाडूवरून अशी जुंपली, की दोघांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. आमचा शुक्रवारचा एकत्र नाश्ता बंद पडला. डॉक्टरांची बायको आणि मी दोघींनी मिळून समजूत काढून बघितली, मग ओरडून बघितलं, शेवटी हात टेकले. दोन सुशिक्षित पुरुष, आणि भांडण कशावरून, तर अमक्याने तमक्या सामन्यात बॉल उचलून मारायला नको होता!

त्यावर तोडगा काढला दादांनी.

दादा आमच्यात सगळ्यात मोठे. मालवणकडचे, एसीची कामं करणारे, कंत्राटावर आलेले. महबूल्यात आमच्याच गल्लीत एका फ्लॅटमध्ये चार-पाच जणांबरोबर बॅचलर म्हणून राहायचे. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. ज्याची बायको गावाला आहे, तो बॅचलर. आमची ओळख झाली ती ऐन जुलैत आमचा एसी बंद पडला तेव्हा. दादा शिडीवर चढून काम करत होते आणि मी खाली नवऱ्याला मराठीत फैलावर घेत होते, की मी मेपासून सांगत होते याची सर्व्हिसिंग करून घे म्हणून. शिडीवरून हसण्याचा आवाज आला. ‘‘ताई, बोला, बोला,’’ दादा म्हणाले, ‘‘खूप दिवसांनी घरच्यासारखं वाटलं.’’ त्या दिवसापासून ते आमच्या घरातलेच झाले.

तर दादा म्हणाले, असा खेळ घ्या ज्यात आपला कुणीच नाही. पूर्वी ते एका अमेरिकन कंपनीच्या कॅम्पमध्ये कामाला होते. तिथल्या खानावळीत सकाळी टीव्हीवर कायम बेसबॉल चालू असायचा, कारण तिकडे रात्र म्हणजे इकडे सकाळ. एसीच्या जाळ्या धुता धुता दादांना सगळे नियम पाठ झाले होते. एका शुक्रवारी त्यांनी डॉक्टर आणि एक्स-रेवाल्याला समोरासमोर बसवलं आणि मध्ये वाटी, चमचे, लिंबू ठेवून खेळ समजावला. लिंबू म्हणजे बॉल. दोघांनाही काही कळलं नाही, आणि न कळण्यावर दोघांचं एकमत झालं. सहा महिन्यांनी ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलले.

लीगमध्ये पैसे नाहीत, कप नाही. बक्षीस ठरलं ते असं: हंगाम संपला की एका शुक्रवारी हरलेल्या सगळ्यांनी जिंकणाऱ्याच्या घरी जायचं, तिथे स्वयंपाक करायचा, वाढायचं, भांडी घासायची. जिंकणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी खुर्चीवर बसायचं आणि उठायचं नाही. ही कल्पना डॉक्टरांच्या बायकोची. माझ्या नवऱ्याने लगेच शंका काढली, की बायको जिंकली तर नवरा घरचा की हरलेला? सगळे एका आवाजात म्हणाले, हरलेला.

मग दादांचा प्रश्न आला. त्यांच्या खोलीवर सगळ्यांत मिळून एक शेगडी. तिथे आम्ही शिरलो असतो तर बाकीचे बिचारे उपाशी राहिले असते. दादा म्हणाले, ‘‘मी जिंकलो तर जेवण माझ्या गावच्या घरात.’’

आम्ही हसलो. म्हटलं चालेल, येऊ की कोकणात, त्यात काय!

दादा हसले नाहीत. आमच्याशी ते चांगली शहरी मराठी बोलायचे, पण खूश झाले किंवा मनातलं काही बोलायचं असलं की मालवणीवर यायचे. ‘‘हसा नको,’’ ते म्हणाले. ‘‘माका एकदा जिंकूचा आसा. मी सुट्टीवर जातंय, तेव्हा घर पाहुण्यांनी भरता. मी भायर लोकांत बसलेलो, ती आत चुलीकडे. म्हयनो संपता आणि मी परत येतंय. आमची भेटच होणा नाय.’’ मग पुन्हा शहरी मराठीत म्हणाले, ‘‘एक दिवस ती खुर्चीवर बसली पाहिजे आणि तुम्ही लोकांनी वाढलं पाहिजे. मी तिच्या बाजूला बसणार.’’

त्यानंतर कुणी हसलं नाही.

आता पहिल्या हंगामातला तो घोटाळा सांगते, म्हणजे दादांचं दुखणं कळेल. अंतिम सामना दादा आणि मी यांच्यात झाला. शनिवारी संध्याकाळी दादा पुढे होते, चांगले दणदणीत पुढे. आमच्या कुवेतचा आठवडा रविवारी सुरू होतो, शुक्रवार-शनिवार सुट्टी, शनिवारी संध्याकाळी आठवडा खलास. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात हेच कॅलेंडर इतकं भिनलेलं, की आठवडा संपला म्हणजे सामना संपला असं प्रत्येकाने धरून चाललं. दोन हॉस्पिटलवाले, एक दातांचे डॉक्टर, एक शाळेत गणित शिकवणारी त्यांची बायको, इथल्या राई नावाच्या भागातल्या गोदामात मालाचा हिशोब ठेवणारा माझा नवरा. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, की अमेरिकेत रविवारी सुट्टी असते आणि रविवारी तर सगळे संघ खेळतात.

मी नाक मुरडत का होईना, श्रीखंड केलं. इथे चक्का बांधायची गरज नाही, जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, लबनेहचा, म्हणजे अरबी चक्क्याचाच डबा आणला, साखर-वेलची घातली की झालं. दादांच्या तोंडात सगळ्यांनी एकेक चमचा घातला. दादांनी तिथूनच फोन लावला, स्पीकर चालू करून. ‘‘गो, मी जिंकलंय!’’ पलीकडून वहिनींनी विचारलं, ‘‘काय मेळला?’’ दादा म्हणाले, ‘‘जेवाण! आता हे सगळे आपल्या घराकडे येवन रांधतले आणि तू बसान जेवतलंस!’’ वहिनींना आधी कळेना, मग कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की फोनमधून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. त्यांनी लगेच शेजारणीला हाक मारून सांगितलंसुद्धा.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये मशीन नमुने फिरवत होतं तेवढ्यात मी सहज फोन उघडला. वर माझं नाव. रविवारी दादांच्या बॉलरांना लोकांनी धू धू धुतलं होतं आणि मी जिंकले होते. मी अशी ओरडले, की शेजारच्या टेबलावरची मुलगी माझा नमुना सांडला समजून धावत आली.

दादांनी हार हसत हसत मान्य केली. पण वहिनींना सांगावं लागलं ना! तेव्हापासून दर वर्षी हंगाम संपला की वहिनी फोनवर विचारायच्या, ‘‘जिंकलात काय? की शनवारचां जिंकणां?’’ आणि दर वर्षी दादा सांगायचे, ‘‘नाय गो, ताईच जिंकली.’’

कारण ताई सुटली होती. दुसरं वर्ष, तिसरं, चौथं, पाचवं. माझी युक्ती अगदी साधी होती. बेसबॉलमध्ये चार वाईट बॉल पडले आणि फलंदाजाने त्यातल्या एकावरही बॅट फिरवली नाही, तर त्याला फुकटात पहिल्या टप्प्यावर चालत जाता येतं. आणि आमच्या लीगमध्ये असं चालत जाण्याचे गुण साध्या फटक्याइतकेच होते. हे नियमांत लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं होतं, पण मनावर घेतलं फक्त मी. बाकीचे सगळे क्रिकेटवर वाढलेले, त्यांना षटकारवाले हवेत. दादांकडे तर अशा आडदांडांची फौज होती. इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून त्यांनी सगळ्यांना मालवणी नावं ठेवलेली. त्यातला सगळ्यात धिप्पाड तो रेडो. रेडो लागला की बॉल मैदानाबाहेर, नाहीतर तीन वेळा हवेत बॅट फिरवून परत.

मी निवडायचे ते शांत, रटाळ गडी. बॉल बघतायत, सोडतायत, बघतायत, सोडतायत, आणि मग बॅट खाली ठेवून बाजारात निघाल्यासारखे चालू पडतायत. एक्स-रेवाला म्हणायचा, ‘‘ताई, तुमची टीम बघून झोप यायलीय.’’ मी म्हणायचे, झोप, उठशील तेव्हा हरलेला असशील. नवऱ्याचं म्हणणं वेगळंच होतं. ‘‘टीममध्ये एवढे बॉल सोडणारे घेतेस,’’ तो म्हणाला, ‘‘घरात पण एखादा सोडत जा.’’

आणि माझे ते पाच शुक्रवार! गच्चीतली प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आणून मी ऐटीत बसायचे. आत नवरा कणकेशी झटापट करतोय, डॉक्टर हातमोजे घालून मिरच्या चिरतायत, एक्स-रेवाला उसळ शिजली की नाही ते उजेडाकडे दाणा धरून बघतोय. मी नुसतं म्हणायचं, ‘‘आणखी एक पोळी,’’ की पाचही जण धावायचे. माझी मुलगी एकदा म्हणाली, ‘‘आई, धिस इज सो अनफेअर.’’ मी म्हटलं, बाळा, वर्षातले बाकीचे दिवस मोज आणि मग मला अनफेअर शिकव. माहेरी असताना आईला मी कधी बसून गरम पोळी खाताना बघितलं नाही. त्यामुळे ती खुर्ची सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती.

पाचव्या वर्षापर्यंत सगळे वैतागले होते. लीग बंद करू, नियम बदलू, ताईला वर ढकलून मानाचं अध्यक्षपद देऊ, असल्या गप्पा सुरू झाल्या. फक्त दादा म्हणाले, ‘‘नियम बदलायचा नाही. तिचं बघून आपण शिकू.’’

आणि सहाव्या वर्षी ते खरंच शिकले. रेडोला ठेवलं, बाकीचे अर्धे आडदांड काढून टाकले आणि माझ्यासारखे शांत गडी घेतले. उन्हाळाभर ते माझ्या मागोमाग होते. अंतिम सामन्यात पुन्हा आम्ही दोघं.

पण त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली होती. दादांचं कंत्राट संपलं आणि कंपनीने पुढे वाढवलं नाही. अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होणार, दादा कायमचे घरी जाणार. कंपनीने तिकीट काढून हातात दिलं ते नेमकं अंतिम सामन्यातल्या रविवारचं, संध्याकाळचं विमान. म्हणजे शेवटच्या दिवशी सामने चालू होतील तेव्हा दादा आकाशात. आणि दादांसाठी पुढचा हंगाम नाही. तेच म्हणाले होते, ‘‘गावाक गेल्यावर झाडां आणि ढोरां. हे फोनवरचे खेळ बंद.’’

शनिवारी डॉक्टरांकडे फिंतासला निरोपाचं जेवण होतं. दादा पुढे होते, थोडेसेच. डॉक्टरांच्या बायकोने श्रीखंड करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं, पण बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. दादांनी सगळ्यांना बजावलं होतं, ‘‘सोमवारपर्यंत कुणी अभिनंदन करायचं नाही. एकदा तोंड पोळलंय.’’

जेवण झाल्यावर डॉक्टर आणि एक्स-रेवाल्याने मला गॅलरीत गाठलं. सहा वर्षांपूर्वी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे, आता खांद्याला खांदा लावून उभे.

‘‘ताई, यंदा सोडा की,’’ एक्स-रेवाला म्हणाला. ‘‘तुमचे दोन गडी बाहेर बसवा. कुणाला कळायलंय?’’

‘‘म्हातारा माणूस घरी चाललाय,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘एवढं मन मोठं करा.’’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘‘मन मोठं करू म्हणजे काय करू?’’ मी म्हटलं. ‘‘त्यांनी सहा वर्षं डोकं लावलं, आणि मी त्यांना भीक घालू? लहान मुलाला जिंकवतात तसं? तुम्हाला लाज नाही वाटत?’’ माझा आवाज नको तेवढा चढला असणार, कारण मागे दार उघडून दादा उभे होते.

त्या दोघांनी समुद्राकडे तोंड फिरवलं.

दादा शांतपणे जवळ आले. ‘‘ताई, ह्यांचां आयकू नको,’’ ते म्हणाले. ‘‘दिलेलां जिंकणां माका नको. माझी बायको पण असल्या जेवणाक हात लावची नाय.’’ मग त्यांनी खिशातून फोन काढला, आपला संघ मला दाखवला आणि त्याचा पासवर्ड सांगितला. उद्या विमानात फोन बंद असेल, म्हणाले. कुणी आजारी पडला, कुणाला बसवलं, तर त्याच्या जागी कुणाला घ्यायचं ते तू बघ.

‘‘मी?’’ मी म्हटलं. ‘‘दादा, मी तुमच्याविरुद्ध खेळतेय!’’

‘‘म्हणून तर,’’ दादा म्हणाले. ‘‘ह्या दोघांकडे संघ दिला तर हे माका फसवून जिंकवतील. तुझ्या नवऱ्याकडे दिला तर हरवील. तुझ्याकडे दिला तर बरोबर खेळवशील.’’

आयुष्यात माझं कौतुक खूप लोकांनी केलंय, पण इतकं अवघड कौतुक कुणी केलं नव्हतं.

रविवार म्हणजे कामाचा दिवस. मी ड्युटीवरून थेट दादांच्या बिल्डिंगखाली गेले. कंपनीची गाडी उभी होती. दोरी बांधलेले खोके, वर मोठ्या मार्करने नाव-गाव. दादांनी नवीन शर्ट घातला होता, त्याची घडीची रेघ तशीच होती. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, ‘‘रेडोवर लक्ष ठेव.’’

संध्याकाळी घरी येऊन चहा टाकला आणि फोन उघडला. पहिल्या सामन्यांत कोण खेळणार याच्या याद्या आल्या होत्या. आधी माझा संघ बघितला, सगळे जागेवर. मग दादांच्या पासवर्डने त्यांचा उघडला. रेडो बाहेर. विश्रांती! वर्षभर घोड्यासारखा पळवला आणि नेमका आज त्यांच्या मॅनेजरला त्याचा कळवळा आला.

नवरा समोर येऊन बसला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला. ‘‘काय झालं?’’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग आता?’’

मी त्या जागेवर कुणाला घातलं नसतं, तर दादांना तिथे शून्य मिळालं असतं आणि मी बहुतेक जिंकले असते. किंवा कुणीतरी सोम्यागोम्या टाकून मोकळी झाले असते. कुणी विचारलं नसतं. मला काय वाटत होतं ते सांगते: मला जिंकायचं होतं. वहिनींचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, माझी खुर्ची मात्र मला रोज दिसत होती.

रिकाम्या खेळाडूंत एक काटकुळा पोरगा होता. नुकताच मोठ्या संघात आलेला, कुणाला माहीत नसलेला. मी दोन आठवडे त्याच्यावर डोळा ठेवून होते. फटका मारायची त्याला घाई नाही, वाईट बॉलला हात लावत नाही, बघून बघून बॉलरलाच रडकुंडीला आणतो. माझ्या संघात जागा असती तर मी तोच उचलला असता. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी तोच घ्यायचा असं मी मनाशी पक्कं केलं होतं. मी त्याला मनातल्या मनात काडी म्हणायचे.

‘‘मेलं जाऊ दे,’’ मी म्हटलं, आणि काडीला दादांच्या संघात घातलं.

नवरा बघत राहिला. ‘‘हा चांगला आहे?’’

‘‘सगळ्यात चांगला आहे!’’ मी त्याच्यावरच ओरडले. ‘‘म्हणून तर राग येतोय!’’ त्याने गुपचूप उठून माझा गार झालेला चहा परत गरम करून आणला.

सोमवारी सकाळी डोळा उघडला तो हात फोनवरच. माझे गडी झकास खेळले होते. पाच वर्षांत इतके चांगले क्वचित खेळले असतील. आणि मी हरले होते. थोडक्यात, अगदी नखभर. काडीने काय केलं होतं? एकही बॉल मैदानाबाहेर मारला नव्हता. एक साधा फटका, आणि तीन वेळा नुसता चालत गेला होता. माझ्याच शाळेतला विद्यार्थी मलाच हरवून गेला. मी पलंगावर बसून आधी चिडले, मग हसायला लागले, आणि मधेच कधीतरी डोळ्यांतून पाणी आलं.

दादांचा फोन दुपारी आला, गावच्या घरून. त्यांनी स्वतः फोनमध्ये निकाल बघितला होता, तरी आवाजात धाकधूक.

‘‘खरां सांग ताई. सोडलंस?’’

‘‘सोडलं?’’ मी भडकलेच. ‘‘माझा संघ बघा एकदा. माझ्या गड्यांनी काल जीव काढलाय. मी आजवर कुणाला सोडलंय का?’’

‘‘मगे रेडो?’’

‘‘रेडो खेळलाच नाही. त्याच्या जागी मी काडी घातला.’’

‘‘कोण काडी?’’

मी काडी कोण ते सांगितलं. त्याला मी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं हेही सांगितलं, कारण न सांगता मला राहवेना. मग दादा हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. मागून वहिनींचा आवाज आला, ‘‘काय झालां? जिंकलात काय?’’

दादांनी मला विचारलं, ‘‘आज सोमवार मा?’’

‘‘हो दादा, सोमवार.’’

मग ते मागे वळून ओरडले, ‘‘होय गो! आज सोमवार आसा! मी जिंकलंय!’’

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सगळे गेलो. डॉक्टर, त्यांची बायको, एक्स-रेवाला, मी, नवरा, मुलगी. दादांचं घर लहानसं, पुढे सारवलेलं अंगण, मागे माड. अंगणात शिरलो तर माशाच्या आमटीचा घमघमाट. वहिनींनी पहाटे उठून सगळा स्वयंपाक करून ठेवला होता! दोन प्रकारचे मासे, सोलकढी, वडे, खीर. दादा डोक्याला हात लावून ओट्यावर बसले होते. ‘‘काल रात्रभर समजावलंय,’’ ते म्हणाले, ‘‘आयकणा नाय!’’

वहिनी लहानखुऱ्या, चपळ, पदर खोचलेला. म्हणाल्या, ‘‘पावणे येतले आणि मी चूल पेटवची नाय? लोक काय म्हणतीत?’’

आता आली का पंचाईत! पण डॉक्टरांची बायको गणिताची बाई. तिने जागेवर निकाल दिला: हे जेवण रात्रीचं. दुपारचं आम्ही करणार. नियम म्हणजे नियम. वहिनींना वाटलं, कुवेतहून आलेली ही माणसं उन्हाने बिघडलेली आहेत. तेवढ्यात दादांनी आतून खुर्ची आणली, स्वयंपाकघराच्या दारात मांडली, आणि त्यांना हाताला धरून बसवलं.

त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. एक पाय आत, एक बाहेर. नवऱ्याने चुलीत लाकूड उलटं घातलं, त्या उठल्या. दादा म्हणाले, ‘‘बस गो. जिंकलंय मी.’’ डॉक्टर कांदा फणसासारखा चिरायला लागले, त्या पुन्हा उठल्या. ‘‘बस गो!’’ मी पहिल्यांदाच हरलेल्यांत होते. भाकरी थापायचं काम माझ्याकडे आलं. सांगलीची मी, ज्वारीची भाकरी डोळे मिटून करते, पण तांदळाच्या पिठाने माझा पार माज उतरवला. पहिल्या दोन भाकऱ्यांचे तुकडे कोंबड्यांना गेले.

शेवटी पानं वाढली. दोनच. एक दादांचं, एक वहिनींचं. दादांनी दुसरी खुर्ची आणून वहिनींच्या शेजारी मांडली. वहिनी पानाकडे बघत नुसत्याच बसल्या. त्यांना सुरुवात करता येईना. सगळ्यांच्या आधी घास तोंडात घालायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. आम्ही पाच हरलेली माणसं उलथनी, डाव, भांडी हातात घेऊन समोर उभी. मला आईची आठवण आली.

दादांनी वहिनींच्या पानातल्या भाकरीचा एक घास मोडला, उसळीत बुडवला आणि तिथेच ठेवला. ‘‘खा,’’ ते हळूच म्हणाले. वहिनींनी खाल्ला. मग दुसरा घास त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला. मग दोघं काहीतरी बोलायला लागली, आम्हाला ऐकू न येण्यासारखं, आणि मध्येच दादा हसले. वहिनींनी बाहेरचा पाय आणि आतला पाय दोन्ही वर उचलले आणि खुर्चीवर मस्त मांडी घातली.

आत चुलीवरून धूर आला. वहिनींनी मान वळवून हाक दिली, ‘‘ताई! भाकरी करपता हा! ती कोंबड्यांका घाल, आणि माका एक चांगली आण गो!’’

आणि मी, पाच वर्षांची विजेती, पळत गेले.